संकटकाळी उभी राहणारी वास्तू

आग लागली म्हणजे बंब यावा, अपघात झाला म्हणजे रुग्णवाहिका यावी, हा नागरिकांचा नित्याचा विश्वास. पण धावून येणाऱ्यांच्याच डोक्यावरचे छप्पर कोसळले तर? २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमधील भूज शहरी तसेच झाले. जखमींना जेथे न्यावयाचे, ते सरकारी रुग्णालयच भूकंपात जमीनदोस्त झाले आणि उपचार उघड्या मैदानावर करावे लागले.

न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च नगराला हा प्रश्न २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाने घातला. १८५ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे नगराच्या मध्यभागातील हजारावर इमारती पाडाव्या लागल्या. त्यांतील कित्येक उभ्या होत्या, परंतु दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या होत्या. २०१७ मध्ये तेथे उघडलेल्या संकुलात न्यायालये, पोलिस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका व नागरी संरक्षण ही खाती एकत्र नांदतात. अशी व्यवस्था सोयीची खरी. पण छप्पर एकच, तेव्हा ते गेले की सर्वच गेले. म्हणून या संकुलाच्या रचनेत इमारत भूमीपासून अलग ठेवण्याची योजना आली.

या योजनेचे मर्म एका गादीत आहे. रबर आणि पोलाद यांचे पातळ थर एकावर एक चिकटवावयाचे व मधोमध शिशाचा दंड बसवावयाचा. पोलादामुळे गादी इमारतीचा भार पेलते, रबरामुळे ती आडवी सरकू शकते. धरणी हादरली तरी इमारत तिच्यामागे फरफटत जात नाही, सावकाश झुलते. त्या झुलण्यातील शक्ती शिसे गिळते व तिची उष्णता करते. आणि शिशाचा गुण असा, की साध्या तपमानातच त्याची घडण पूर्ववत होते. तेव्हा दुसऱ्या धक्क्यालाही ते सिद्धच. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांची ही १९७० नंतरच्या दशकातील कल्पना. मात्र इमारतीभोवती मोकळा चर हवा, नळ आणि तारांचे सांधे लवचिक हवेत. त्या चरात कोणी कचेरीतील मोडके सामान रचून ठेवले, की सारी विद्या फुकट!

काटकसरीची वास्तू म्हणजे वीज वाचविणारी वास्तू, एवढाच अर्थ हल्ली पुष्कळदा घेतला जातो. तो अपुरा आहे. सिमेंट भाजण्यास व पोलाद वितळविण्यास जे इंधन जळाले, ते इमारत पाडल्यावर परत मिळत नाही. आणि नवीसाठी तितकेच पुन्हा जाळावे लागते. खिडक्यांतून येणारा उजेड आणि वारा यांचेही येथे निराळे मोल आहे. वीज गेली असता ज्या खोलीत दिवसा लिहिता-वाचता येते, तीच खोली आपत्तीच्या दिवशी कामाची.

या गाद्यांची कसोटी ख्राइस्टचर्चमध्येच लागली होती. २००५ मध्ये उघडलेले तेथील स्त्रियांचे रुग्णालय अशाच पायावर होते आणि २०११ च्या भूकंपानंतरही त्याचे काम चालू राहिले. भूजचे नवे रुग्णालयही २००४ मध्ये याच न्यूझीलंडच्या तंत्राने, शिसे-रबराच्या गाद्यांवर उभे राहिले.