पिवळा बेडूक आणि आपले खाचर

मंडळी, आज आपण बेडकाविषयी बोलणार आहोत. हसू नका. बेडकात बोलण्यासारखे काय आहे, असे तुमच्या मनात आले असेल. आहे, पुष्कळ आहे.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडतो. खाचरात पाणी साचते आणि रात्री ड्रांव ड्रांव सुरू होते. त्यात एक मोठा बेडूक असतो, हळदीसारखा पिवळाधमक. गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे फुगवून ओरडतो. तो नर. एरवी तो मातकट हिरवा असतो. लगीनघाईपुरताच पिवळा होतो! नेमक्या त्याच रात्री आपली पोरे बॅटरी आणि पोते घेऊन निघतात. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही. तास-दोन तासांत पोते भरते. खोटे कशाला बोला, आमच्यांतल्या दोघांनी लहानपणी हेच केले आहे.

आता त्या पोत्यातून खाचरातले काय गेले, ते बघू.

भात आपले अन्न आपण तयार करते. ऊन, पाणी आणि हवा एवढ्यावर त्याचे भागते. मातीतून थोडा कस घेते. गवत आणि शेवाळ यांचेही तसेच. बाकी आपण सारे आयत्यावर बसणारे! तुडतुडा भाताचा रस शोषतो. खोडकिडा पोग्यात शिरतो. नाकतोडा पान कुरतडतो. खेकडा कोवळी रोपे कापतो आणि वर बांधाला भोक पाडतो. या सगळ्यांना बेडूक खातो. मोठा पिवळा बेडूक तर खेकडाच काय, उंदराचे पिल्लूसुद्धा गिळतो. बेडकाला दिवड खाते, धामण खाते, बगळा खातो. सापावर घार झडप घालते.

यात एक हिशेब आहे. नाकतोड्यांनी दहा किलो पाला खाल्ला, म्हणून दहा किलो नाकतोडे होत नाहीत. बरेचसे उड्या मारण्यात आणि जगण्यात खर्ची पडते. बरेचसे विष्ठेतून बाहेर जाते. अंगी लागते ते अदमासे दहांतले एक. कमीजास्त होते, पण पुढच्या पायरीलाही साधारण हाच प्रकार. म्हणून नाकतोडे हजारो, बेडूक त्याहून कमी, साप मोजके आणि घार एखादी. तुम्ही पोतेभर बेडूक नेलेत, म्हणजे त्यांनी पावसाळाभर जेवढे किडे खाल्ले असते तेवढे खाचरात सोडून आलात.

मग आपण काय करतो? फवारा मारतो. फवाऱ्याने कीड मरते, तशी कीड खाणारे कोळीही मरतात. तुडतुडे मागाहून पुन्हा येतात, आणि त्यांना अडवायला कोणी उरत नाही. इंडोनेशिया हा भात खाणारा देश. तिथे तुडतुड्यांनी भाताची फार नासाडी केली. शेवटी १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरायला बंदी केली. त्याने भात बुडाले नाही.

आपल्या देशातही बेडकाचा मोठा धंदा होता. बेडकांचे पाय परदेशी जात. १९८१ साली चार हजार टनांहून अधिक गेले. नुसते पाय, बरे का! १९८७ साली सरकारने ही निर्यात बंद केली. हा बेडूक पकडणे आज वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तरी पोती भरतातच.

आता दुसरी बाजू. जे खाल्ले जात नाही, त्याचे काय होते? गळलेला पाला, शेण, मेलेला किडा, बेडकाची विष्ठा, सारे चिखलात पडते. डोळ्यांना न दिसणारे जंतू ते कुजवतात. गांडूळ बांधावरची माती खालीवर करते. कुजलेल्यातून नत्र आणि स्फुरद सुटे होतात आणि भाताच्या मुळांना मिळतात. खाचरातले निळे-हिरवे शेवाळ तर हवेतला नत्र धरून ठेवते, फुकट! आपण मात्र भाताची पोती घरी नेतो, पेंढाही नेतो. नेले तेवढे परत गेले पाहिजे, नाहीतर जमीन रोडावते. गोठ्यातले शेण खाचरात जाते, ते याचसाठी. राबाविषयीही थोडे बोलतो. राब भाजला की तण मरते, राखेत पालाश राहतो, हे खरे. पण पाल्याशेणातला बराच नत्र धुरावाटे निघून जातो. आम्हांला विचाराल तर तो पाला कुजवलेला बरा. वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, ठाऊक आहे.

मागच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "बेडूक नको म्हणता, पण पोरांना चार पैसे मिळतात ते कुठून आणू?" प्रश्न खरा आहे. आमच्याजवळ त्याचे पुरे उत्तर नाही. एवढेच सांगतो, की ते चार पैसे पोरांच्या हाती एकदाच येतात. औषधाच्या बाटलीचे पैसे मात्र दर हंगामाला तुमच्याच घरातून जातात. दोन्ही आकडे वहीत लिहून बघा. आता लिहिता येते ना?

यंदा मृगाच्या रात्री आम्ही बांधावर येणार आहोत. पोरांनाही घेऊन या. बॅटरी असू द्या, पोते घरी ठेवा. पाण्यावर साबुदाण्यासारखी अंडी असतात, ती त्यांना दाखवू.