देवद्रव्य, कायदा आणि विश्वस्तांचे दायित्व
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)

मंदिराच्या भांडारात श्रावक रुपया अर्पण करतो, त्या क्षणी त्याचे त्या रुपयावरील स्वामित्व संपते. मग त्या द्रव्यावर अधिकार कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिले आणि त्यास निमित्त झाले एक जैन मंदिर.

तत्कालीन मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम संमत केला. नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख ही त्याची प्रमुख अंगे. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यातील कलम ५५ व ५६ अन्वये विश्वस्त निधी मूळ हेतूऐवजी अन्य कार्याकडे वळविण्याची तरतूद होती, तर कलम ४४ अन्वये खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त नेमता येत असे. जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी यांनी या अधिनियमास न्यायालयात आव्हान दिले. मुंबईच्या पारसी पंचायतीचे विश्वस्तही असेच अपील घेऊन आले होते.

न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालाचा पाया राज्यघटनेचा अनुच्छेद २६ हा होता. धर्मविषयक बाबींचे व्यवस्थापन संप्रदायाने स्वतः करावे, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्यानुसार चालावा, असा भेद या अनुच्छेदात आहे. दात्याचा मूळ हेतू अजूनही साध्य होण्याजोगा असताना निधी दुसरीकडे वळविणे हे धर्मस्वातंत्र्यावरील अनुचित आक्रमण होय, असे न्यायालयाने ठरविले. देवद्रव्य पवित्र कार्याव्यतिरिक्त खर्चता येत नाही या जैन तत्त्वाची न्यायालयाने दखल घेतली. परंतु हे तत्त्व बाजूस ठेवले तरी घटनेनेच असे करण्यास मज्जाव केला आहे, असेही सांगितले. मंदिर वा मठावर आयुक्तांना विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूदही टिकली नाही.

या निकालाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. नोंदणी, हिशेब व तपासणी यांची चौकट न्यायालयाने कायम ठेवली. आयुक्तालयास द्यावयाचे अंशदान हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, म्हणून तेही वैध ठरविले. तात्पर्य, हेतूचे रक्षण घटना करील. हिशेबाची शुचिता मात्र विश्वस्तांनीच राखावयाची आहे.

येथेच खरी कसोटी आहे. पुष्कळ संस्थांत देवद्रव्याचे खाते भरलेले असते आणि साधारण खात्यात तूट असते. पुजाऱ्याचा पगार, वीजबिल, धर्मशाळेची डागडुजी समोर उभी राहते. मग 'तात्पुरते' म्हणून एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम जाते. ती परत येतेच असे नाही. शासनाचा हात न्यायालयाने रोखला. परंतु तेच कृत्य विश्वस्तांच्या हातून घडले, तर दात्याच्या हेतूचा भंग तेवढाच होतो.

यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. प्रत्येक पावतीवर देवद्रव्य, ज्ञान, जीवदया वा साधारण, असे खाते स्पष्ट लिहावे. प्रत्येक खात्याची शिल्लक वार्षिक सभेत वाचून दाखवावी. विश्वस्त बदलल्यास कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यावा. स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी कलम ३६ अन्वये पूर्वपरवानगी घ्यावी. आणि साधारण खात्याची तूट समाजाने साधारण खात्यातच दान देऊन भरून काढावी. देवद्रव्याकडे पाहू नये.

पन्नास वर्षे ज्या संस्थेची वही स्वच्छ राहिली, तिला धर्मादाय कार्यालयाच्या तपासणीचे भय नसते. पुढील पिढीच्या हाती मंदिराच्या किल्ल्यांबरोबर अशी वही सोपविता आली, तर या सुवर्णमहोत्सवाचे सार्थक होईल.

जय जिनेंद्र!