काळ्या मातीचा पाया

काळ्या मातीत घराचा पाया किती खोल घ्यायचा, हे माती हाताला किती मऊ लागते यावर ठरत नाही. पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातली कोरड जमिनीत कुठवर उतरते, यावर ते ठरते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांत बेसाल्ट खडक झिजून ही माती झाली आहे. तिच्यातले माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते.

पातेल्यात काठोकाठ हरभरे भिजत घालून वर झाकण ठेवले, तर सकाळी ते उचललेले दिसते. घराचेही तसेच होते. झाकण सरळ वर गेले असते तर फारसे बिघडले नसते. पण एका बाजूचे हरभरे जास्त भिजतात आणि झाकण कलते. घराच्या कडेची माती आधी भिजते, फरशीखालची मागे राहते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकू लागते. हलके झाकण लवकर उचलले जाते, म्हणून बैठ्या घरांना हा त्रास जास्त. पाया रुंद केला, लोखंड वाढवले की निभावले, हा मोठा गैरसमज आहे. रुंद पायाखाली जमिनीवरचा दाब कमी होतो आणि फुगणाऱ्या मातीचे काम उलट सोपे होते.

जमीन पाहण्यासाठी लहान घराला निदान दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्यावेत. जवळपास विहीर असेल तर तिची कड आधी पाहावी. काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो, ते तिथे फुकटात दिसते. प्रयोगशाळेतली मुक्त फुगवट्याची चाचणी म्हणजे हरभरे भिजवण्याचाच प्रकार. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे फुगवटा. तो 50 टक्क्यांवर गेला तर सावध राहावे.

जमिनीची ताकद पाहण्याच्या ठोक्यांच्या चाचणीत 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला लागणारे ठोके मोजतात. चाचणी चांगलीच आहे, पण वैशाखात वाळलेली काळी माती भरपूर ठोके घेते. त्या आकड्यावर विसंबून उथळ पाया घेणाऱ्याला श्रावणात मातीचे दुसरे रूप दिसते. म्हणून पुन्हा तेच: आजची ताकद नव्हे, ओल-कोरड पोचण्याची खोली. ती साधारणतः दीड ते साडेतीन मीटर असते.

मुरूम दीड-दोन मीटरवर लागत असेल तर फार विचार नको. काळी माती ओलांडून पाया मुरमात टेकवावा आणि खड्डा पुन्हा काळ्या मातीने न भरता चांगला ठोकलेला मुरूम भरावा. वाळूची गादी घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पण वाळूत साचलेले पाणी खालच्या मातीला भिजवतच राहते.

काळी माती खोल गेली असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुजवलेले फुगीर बुडाचे पाईल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, बरे. साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल भोक पाडून तळाशी ते रुंद करतात. हा फुगवटा दांड्याच्या व्यासाच्या साधारण अडीचपट असतो. तो ओल-कोरडीच्या थराखाली राहिल्याने भार पेलतो आणि वर उचलणाऱ्या मातीला दाद देत नाही. माती पाईलला वर ओढते, म्हणून लोखंड पूर्ण लांबीत लागते. प्लिंथ बीमखाली फुगायला मोकळी जागा सोडावी लागते. आठेक सेंटिमीटरची ही पोकळी गवंडी हमखास मातीने भरून टाकतो, आणि मग खाली पाईल असूनही झाकण उचलायला हरभरे मोकळेच.



काळ्या मातीत पाया झाल्यावरही पाण्यावर लक्ष हवे. भिंतीभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी, पन्हाळीचे आणि न्हाणीचे पाणी नळीने दूर सोडावे. भिंतीला लागून मोठे झाड नसावे. त्याची मुळे उन्हाळ्यात खोलवरची ओल ओढतात, आणि मग त्या कोपऱ्यापुरती कोरड नेहमीपेक्षा खाली जाते.