विठाबाईंचा फड आणि आपला फड

(चौसाळा येथे ऊसतोड कामगार बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

दसरा-दिवाळी झाली की तुमच्यातल्या बऱ्याच जणी फडावर निघाल. म्हणून आज दुसऱ्या एका फडातल्या बाईविषयी बोलते. तमाशाच्या फडातल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर.

१९३५ साली पंढरपुरात त्यांचा जन्म झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तमाशा होता. गौळण, लावणी, भेदिक ऐकतच विठा वाढली. पुढे स्वतःच्या नावाचा फड तिने गावोगाव फिरवला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला.

त्यांची एक गोष्ट नेहमी सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. प्रेक्षकांना कळलं, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवला.

एम.एस.डब्ल्यू. करताना ही गोष्ट ऐकून मला फार अभिमान वाटला होता. मग या भागात कामाला आले. इथे कोपीत बाळंत झालेली एक बाई भेटली. पाचव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती. म्हणाली, "ताई, खाडा परवडत नाही. उचल फिटायची कशी?"

तिच्या धाडसाची गोष्ट कोणी सांगत नाही. आणि विठाबाईंची सांगतो, तेव्हा आपण एवढंही विचारत नाही की त्या रात्री त्यांना सुट्टी का नव्हती? प्रसूती रजेचा कायदा १९६१ साली झाला. तो ना त्या फडापर्यंत पोचला, ना या.

१५ जानेवारी २००२ला विठाबाई गेल्या. दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकारी पुरस्कार सुरू झाला. अमेरिकेतही तेच. ब्लूज गाणारी काळी गायिका बेसी स्मिथ १९३७ साली वारली. तिच्या कबरीवर १९७० पर्यंत साधा दगड नव्हता.

बायांनो, मेल्यावरचा मान आपल्याला नको. यंदा उचल घेण्याआधी मुकादमाला सगळ्याजणी मिळून सांगू या : बाळंतिणीला खाडा लावायचा नाही. तसं कागदावर लिहून घेऊ या. एकटीने बोलायला भीती वाटते, हे मला माहीत आहे. म्हणून तर आज इथे जमलोय.