नळ आणि मोरी



पीटीच्या तासाला मी दम्यामुळे कडुनिंबाखाली बसून असायचो, आठवतं ना? तोच दमा साठीला डोळ्यांच्या वाटेने परत आला.

काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब २८. साधारण १० ते २१ असावा लागतो. आधी रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब सुरू झाला. दाब २२ वर आला, पण माझ्या नसेला तोही जास्त. मग जोडीला टिमोलॉल आलं. पहिलं औषध मोरी मोकळी करतं, दुसरं नळ बारीक करतं, म्हणून जोडी जमते. चारच दिवसांत रात्री छातीत शिट्टी वाजू लागली. डोळ्यातला थेंब नाकात उतरून रक्तात जातो, आणि दमेकऱ्याला टिमोलॉल चालत नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, “दुसरा काही आजार?” मीच “नाही” म्हणालो. शाळेतला दमा कोण सांगत बसतो!

टिमोलॉल बंद झालं. त्याऐवजी ब्रिन्झोलामाइड आणि ब्रिमोनिडीन एकत्र असलेली बाटली मिळाली. आता दाब १५ असतो. रात्री दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं थांबतो, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपराही दाबून धरतो. नातवंडांना वाटतं, आजोबा रुसले.

डाव्या डोळ्याची कडेची नजर मात्र आधीच गेली होती. ती परत येत नाही. मघाशी फाटकात डावीकडून कुणी हात पुढे केला असेल नि मी तसाच पुढे गेलो असेन, तर तो माज नव्हता. जेवताना उजवीकडे येऊन बसा.