कलमकाड्या पार्सलने पाठवताना

आज थोडं टपालाविषयी बोलणार आहे. शेतीच्या कार्यक्रमात टपाल कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण बियाणं, मातीचे नमुने, कलमाच्या काड्या पुष्कळदा पार्सलनेच येतात-जातात. पार्सल चार दिवस अडकलं, तर नुकसान शेताचं होतं.

माझीच फजिती सांगतो. मराठवाड्यातल्या एका नातेवाइकाला कोय कलमासाठी माझ्या बागेतल्या केसर आंब्याच्या काड्या हव्या होत्या. त्यांच्याकडे दोनशे कोयी उगवून तांबूस पालवीवर आल्या होत्या. ही पालवी हिरवी झाली, खोड जून झालं, की कोय कलम साधत नाही. मी शुक्रवारी दुपारी पार्सल टाकलं. मध्ये रविवार आला, त्याला लागून सुट्टी आली. त्यात पिन कोड चुकला. त्याच नावाचं गाव दुसऱ्या जिल्ह्यातही होतं, आणि पार्सल आधी तिकडे जाऊन आलं. आठव्या दिवशी पोस्टमनने भर पावसात ते सायकलवरून अगदी कोरडं आणून दिलं. आत मात्र मीच ठिबकतं गोणपाट गुंडाळलेलं! काड्या काळ्या पडून आंबूस वास येत होता. तोवर कोयींची पालवीही हिरवी झाली होती. दोनशेतलं एकही कलम बांधता आलं नाही.

तेव्हा काडी पाठवायची ती सोमवारी, फार तर मंगळवारी. खेडेगावातल्या शाखा डाकघरात टपालाची थैली तालुक्याहून येते. तो शेवटचा टप्पा एक दिवस चुकला, की पुढच्या थैलीची वाट पाहावी लागते. म्हणून घेणाऱ्यानेही शाखा डाकपालांना आधी सांगून ठेवावे, की नाशवंत पार्सल येणार आहे, आल्यावर निरोप द्या. गावात हे सहज होतं. खाजगी कुरियरने पाठवणार असाल, तर तो गावापर्यंत पोहोचवतो की तालुक्याच्या गावी ठेवून फोन करतो, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड आणि फोन नंबर हवाच. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, तरी आपण तो अंदाजाने लिहितो. वडगाव, पिंपळगाव नावाची गावं किती आहेत, मोजा पाहू! हाच पत्ता एका चिठ्ठीवर लिहून पार्सलच्या आतही ठेवावा. पावसात वरची शाई पुसली, तर तीच उपयोगी पडते.

बांधणीचं नीट ऐका. काडी तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पानं देठ राखून छाटावीत. ओलं शेवाळ किंवा फडकं घट्ट पिळून घ्यावं. मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. त्यात काड्या गुंडाळून वर प्लॅस्टिकचा कागद सैलसर घ्यावा आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावं.

आता पावतीचं. रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवली आहे, तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट मागावे. पावतीवरचा तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक घेणाऱ्याला त्याच दिवशी कळवावा. त्यावरून पार्सल कुठवर आलं ते मोबाइलवर दिसतं. चार दिवस एकाच ठिकाणी दिसलं, तर वाट पाहत बसू नका, लगेच लेखी तक्रार द्या. भरपाईवर मात्र फार विसंबू नये. १८९८ च्या टपाल कायद्यात खात्याची जबाबदारी मर्यादितच होती, आणि जून २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती ठरवून दिली असेल तेवढीच आहे. गेलेला हंगाम त्यात कुणी धरत नाही.

नातेवाइकाला मी पुढच्या वर्षी पुन्हा काड्या पाठवल्या. सोमवारी टाकल्या, गुरुवारी पोहोचल्या, शुक्रवारी कलमं बांधली. बरीचशी जगली.