भूकंप आणि दावणीचे प्राणी

कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा आणि किल्लारीचा 30 सप्टेंबर 1993 चा, हे महाराष्ट्रातील दोन्ही विनाशकारी भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाले, म्हणजे ज्या वेळी माणसे झोपेत असतात आणि गुरे दावणीला बांधलेली असतात नेमक्या त्या वेळी. म्हणून पाळीव प्राण्यांच्या सुरक्षिततेचा विचार दाव्यापासूनच सुरू करावा लागतो. किल्लारी परिसरातील घरे दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जड थर असलेल्या सपाट छपराची होती, आणि अशा भिंतीला लागून बांधलेल्या जनावराला, धोका जाणवला तरी, हलायला वाव नसतो.

प्राण्यांना भूकंप आधी कळतो, असा समज सर्वत्र आहे. त्यातील खात्रीचा भाग एवढाच, की भूकंपाच्या केंद्रातून निघणाऱ्या लहरींपैकी प्राथमिक लहरी वेगवान पण सौम्य असतात, दुय्यम लहरी मागून येऊन अधिक जोराने हादरवतात, आणि या दोहोंमधील काही सेकंदांत कुत्री किंवा गुरे बिथरू शकतात. त्यावरून भाकीत करण्याची विश्वासार्ह पद्धत मात्र अद्याप हाती आलेली नाही. शिवाय ज्याच्या गळ्यात दावे आहे किंवा ज्याच्या पिंजऱ्याला कडी आहे, त्याला ती जाणीव उपयोगी पडत नाही. सुटकेचे स्वातंत्र्य माणसाने काढून घेतले आहे, तेव्हा सुटकेची जबाबदारीही माणसाचीच ठरते.

म्हणून गोठ्यात निरगाठीऐवजी एका हिसक्यात सुटणारी सुरगाठ असावी, जनावरे दगडी भिंतीपासून व रचलेल्या पोत्यांपासून दूर बांधावीत. शहरी घरात कुत्र्यामांजरांची निजण्याची जागा कपाटाखाली किंवा काचेच्या खिडकीशी नसावी आणि उंच कपाटे भिंतीला जखडावीत. मांजराला नेण्याची जाळीची पेटी माळ्यावर न ठेवता घरात उघडी ठेवून तीत अधूनमधून खाऊ घालावा, कारण अनोळखी पेटीत घाबरलेले मांजर ऐन वेळी शिरत नाही. काही दिवसांचे खाद्य व पाणी, नेहमीची औषधे, लसीकरणाची नोंद आणि मालकासह काढलेले प्राण्याचे छायाचित्र एकत्र ठेवावे. कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, यंत्राने वाचता येणारी क्रमांकाची खूण, पट्टा तुटला तरी ओळख टिकवते. मालक घराबाहेर असताना धक्का बसला तर दार कोण उघडणार, हे शेजाऱ्याशी आधीच ठरवलेले असावे. सामानापेक्षा या ठरावाचे मोल अधिक आहे.

हादरा चालू असताना प्राण्याला धरण्यासाठी धावू नये, आधी स्वतःचे डोके वाचवावे. हादरा थांबल्यावर कुत्र्याला पट्टा बांधूनच बाहेर न्यावे, कारण नेहमी शांत असणारा कुत्राही पश्चात्-धक्क्यांनी, म्हणजे मुख्य भूकंपानंतर येणाऱ्या लहान धक्क्यांनी, सैरावैरा पळतो. जखमी प्राणी ओळखीच्या हातालाही चावतो. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्वरित दवाखाना गाठावा.

याहून अवघड प्रश्न निवाऱ्याचा आहे. मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतर जपानमध्ये फुकुशिमा अणुवीजकेंद्राभोवतीचा 20 किलोमीटरचा प्रदेश रिकामा केला गेला, तेव्हा लवकर परतू या समजुतीने अनेकांनी प्राणी मागे ठेवले आणि बांधलेली गुरे गोठ्यातच उपासमारीने मेली. त्यानंतर 2013 साली तेथील पर्यावरण मंत्रालयाने, लोकांनी आपले प्राणी सोबत घेऊनच स्थलांतर करावे, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. छावणीत माणसे व प्राणी एकाच खोलीत राहतील असे त्यात अभिप्रेत नाही, परंतु प्राणी मागे राहू नये हे त्यात ठरलेले आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीने व गृहनिर्माण संस्थेने आपल्या आपत्ती आराखड्यात प्राण्यांसाठी सावलीची, पाण्याजवळची जागा आजच नेमून ठेवावी.